कामट्यांचा पारंपरिक आकाशकंदील: सांगाड्यापासून झिरमिळ्यांपर्यंत

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदाच घरी कंदील करायला बसणारे बहुतेक जण आधी कागदाचे रंग ठरवतात. रंग शेवटी ठरवले तरी चालतात. कंदील बिघडतो तो सांगाड्यात, आणि वाकडा सांगाडा कितीही सुंदर कागद लावला तरी वाकडाच दिसतो. उलट दिवा लागला की जास्तच दिसतो. म्हणून इथे बरीच जागा कामट्या (बांबू चिरून केलेल्या पातळ पट्ट्या) आणि गाठींना दिली आहे. एका माणसाला सांगाड्यासाठी एक अख्खी दुपार आणि कागदासाठी दुसरी दुपार लागते. मधली रात्र गोंद वाळायला सोडावी. वसुबारसेला कंदील लावायचा असेल तर आधीच्या शनिवार-रविवारी काम उरका.

आकाराचं गणित

पारंपरिक कंदील म्हणजे सहा चौकोन आणि त्यांच्या मधल्या फटींत आपोआप तयार होणारे आठ त्रिकोण. एक चौकोन वर, एक खाली, आणि चार चौकोन कडेने, पण कडेचे चार सरळ नाहीत, टोकावर उभे. प्रत्येक चौकोनाचा प्रत्येक कोपरा शेजारच्या एका चौकोनाच्या कोपऱ्याला भिडतो. त्रिकोणांसाठी वेगळी काडी लागत नाही. हे एकदा लक्षात आलं की कामट्यांचा गुंता उरत नाही: सहा चौकोन, प्रत्येकी चार काड्या, म्हणून २४ काड्या, आणि कोपऱ्याला कोपरा जोडणारे १२ सांधे.

सगळ्या २४ काड्या एकाच मापाच्या. पहिल्या कंदिलासाठी चौकोनाची बाजू २० सेंटिमीटर धरा. मग कंदील सुमारे २८ सेंटिमीटर उंच होतो (बाजू गुणिले १.४१४), आणि मधल्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत ४० सेंटिमीटर, म्हणजे बाजूच्या बरोबर दुप्पट. फ्लॅटच्या गॅलरीला हे माप पुरतं. वाड्याच्या किंवा बंगल्याच्या दारासाठी बाजू ३० घ्या; तेव्हा रुंदी ६० होते आणि कागदही दुपटीहून जास्त लागतो. १० सेंटिमीटरचे छोटे कंदील दिसायला गोड, पण त्यांच्या गाठी मोठ्या कंदिलापेक्षा अवघड, त्यामुळे मुलांना छोटा कंदील सोपा जाईल हा समज काढून टाका.

सामान

कामट्या: २२ सेंटिमीटरच्या २४ आणि ३० सेंटिमीटरच्या ३. तुटतील म्हणून चार-पाच जास्त.
जाड सुती दोरा, एक रीळ.
पतंगाचा कागद: चौकोनांसाठी एक ताव, त्रिकोणांसाठी एक, झिरमिळ्यांसाठी एक.
कडांसाठी सोनेरी बेगड किंवा चकचकीत कागद.
मैदा, पांढरा गोंद, २ सेंटिमीटरचा चपटा ब्रश, कात्री, धारदार सुरी, पॉलिश पेपर, पट्टी.
३ ते ५ वॉटचा एलईडी बल्ब, लोंबता होल्डर, वायर.

कामट्या बुरूड आळीत मिळतात. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात बांबूकाम करणारे अजून आहेत आणि माप सांगितलं तर चिरून देतात. कागद आणि बेगड पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत दिवाळीच्या तोंडावर माहीमच्या कंदील गल्लीच्या आसपास किंवा कुठल्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात सापडतो. परदेशात असाल तर कबाब भाजायच्या ३० सेंटिमीटरच्या बांबूच्या सळ्या चालतात. त्या गोल असल्यामुळे गाठ घसरते, म्हणून गाठ येते तिथे सुरीने दोन-तीन आडव्या चरा पाडाव्यात. खराट्याच्या काड्या वापरू नका. त्या शेंड्याकडे निमुळत्या होतात आणि कागद आवळला की वाकतात.

कामटी निवडणं आणि कापणं

कामटी ४ ते ५ मिलिमीटर रुंद आणि २ ते ३ मिलिमीटर जाड असावी. तिला एक गुळगुळीत पाठ असते आणि एक मऊ, तंतुमय पोट. हिरवट, ओलसर कामटी घेतली तर कंदील टांगून चार दिवस झाले की ती आकसते आणि गाठी सैल पडतात. फार जुनी, कोरडी कामटी गाठ आवळताना उभी चिरते. दोन्ही हातांत धरून हलका बाक द्या: न कडकडता वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली तर ती चांगली. पेराची गाठ काडीच्या मधोमध येऊ देऊ नका, तिथे काडी एका बाजूला झुकते.

आधी एकच काडी अचूक २२ सेंटिमीटर कापा आणि बाकी सगळ्या तिच्यावरून मोजा. प्रत्येक वेळी पट्टी लावली तर दर वेळी मिलिमीटर-दीड मिलिमीटरची चूक होते आणि २४ काड्यांत ती साठत जाते. कापताना कामटी एका दणक्यात तोडू नका. सुरीने चारी बाजूंनी खाच पाडा आणि मग मोडा, म्हणजे टोक फाटत नाही. प्रत्येक काडीच्या दोन्ही टोकांपासून १ सेंटिमीटरवर पेन्सिलची खूण करा. दोन खुणांमधलं अंतर २० सेंटिमीटर, गाठ खुणेवरच. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. बोटात कूस भरली की पुढचं काम रेंगाळतं, शिवाय धारदार कडेवर ताणलेला कागद फाटतो.

चौकोन बांधणं

दोन काड्या समांतर ठेवा, त्यांच्यावर दोन आडव्या, खुणेवर खूण. गुळगुळीत पाठ बाहेर. दोरा हातभर घ्या. तिरपे दोन वेढे एका दिशेने, दोन उलट दिशेने, म्हणजे फुली होते. मग शेवटचे दोन वेढे दोन काड्यांच्या मधून, नुसत्या दोऱ्यावर घाला आणि ओढा. खरं आवळणं या शेवटच्या वेढ्यांनीच होतं. ते वगळले तर वरून कितीही घट्ट दिसणारी गाठ संध्याकाळपर्यंत फिरू लागते. गाठीवर पांढऱ्या गोंदाचा एक थेंब.

नायलॉनचा दोरा घसरतो. रबरबँड घाईत सोयीचे, पण काही दिवसांत सैल पडतात. सुरुवातीला पकड म्हणून रबरबँड लावायला हरकत नाही, मात्र त्यावर दोऱ्याची गाठ हवीच.

चारही गाठी झाल्या की चौकोन फरशीच्या कोपऱ्याशी जुळवा. काटकोन डोळ्यांनी ठरवू नका, दोन्ही कर्ण मोजा. २० सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण २८.३ सेंटिमीटर येतो. एक कर्ण २७.५ आणि दुसरा २९ आला, तर चौकोनाचा पतंग झालाय. गोंद ओला आहे तोवर हाताने सरळ करा आणि वर एखादं जड पुस्तक ठेवा. सहाही चौकोन असे करून ते रात्रभर नाही, तरी दोन तास तरी वाळू द्या.

सांगाडा उभा करणं

कडेचे चार चौकोन जमिनीवर एका ओळीत टोकावर टोक येतील असे मांडा, म्हणजे चार शंकरपाळ्या कोपऱ्याला कोपरा लावून. शेजारचे कोपरे बांधा: तीन सांधे. आता ओळ उभी करून शेवटचा कोपरा पहिल्याला बांधा. चौथा सांधा झाला की चौकोनी कडं तयार होतं. ते या वेळी लुळं असतं आणि हातात घेतलं की कोसळतं. ते तसंच होणार, घाबरू नका.

पाचवा चौकोन जमिनीवर आडवा ठेवा. कड्यातल्या प्रत्येक चौकोनाचं खालचं टोक याच्या एकेका कोपऱ्याला बांधा. मग सहावा चौकोन वरच्या चार टोकांना. प्रत्येक सांध्याला आता चार काड्यांची टोकं येतात. दोरा सगळ्यांभोवती एकदा फिरवा आणि मग दोन-दोन काड्यांच्या मधून आवळा. चार सांधे कड्याचे, चार खालचे, चार वरचे. बारा मोजून घ्या, कारण एखादा सांधा राहून गेला तर तो कागद लावताना कळतो.

आता सांगाडा उभा राहतो, पण हलतो. यात तुमची चूक नाही. त्रिकोण आपला आकार धरून ठेवतो, चौकोन धरत नाही, आणि इथे सहा चौकोन आहेत. म्हणून तीन लांब काड्या: वरच्या चौकोनाला दोन्ही कर्णांवर फुलीसारख्या दोन, खालच्याला एका कर्णावर एक. बांधायच्या आधी वरून सरळ खाली पाहा. वरचा चौकोन खालच्याच्या बरोबर वर दिसला पाहिजे. फिरलेला दिसला तर सांगाडा हाताने उलट पिळा, चारही कोपऱ्यांपासून उंची मोजा (सगळीकडे सुमारे २८), आणि मगच काड्या पक्क्या करा. एकदा फिरलेल्या सांगाड्यावर कर्ण बांधले की तो पीळ कायमचा. कडेच्या चौकोनांना कर्णाची काडी लावू नका. तिची सावली कागदावर ठळक पडते, आणि तिचं काम पुढे ताणलेला कागद करतो.

सांध्यांवर गोंद लावून सांगाडा एका टोकाने टांगून ठेवा. सकाळी बाहेर आलेली टोकं ३-४ मिलिमीटर ठेवून छाटून टाका.

खळ

पातळ कागदासाठी खळच हवी, म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकट पेज. पांढरा गोंद लगेच धरतो, कागद सरकवून ताण द्यायला वेळच देत नाही.

मैद्याचे तीन सपाट चमचे (पोह्याचे) आणि पाव लिटर पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा गुठळ्या मोडेपर्यंत कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरट पाणी हळूहळू पारदर्शक आणि दाट होतं. चमच्याच्या पाठीला लेप बसला की उतरवा. गार झाल्यावर ती आणखी दाट होते, म्हणून थोडी पातळच उतरवावी. गुठळ्या राहिल्या तर जुन्या कापडातून गाळा, नाहीतर प्रत्येक गुठळी दिव्यापुढे काळा ठिपका होऊन दिसते. गरम पाण्यात थेट मैदा टाकला तर गुठळ्या हमखास.

खळीत किडा-झुरळ येऊ नये म्हणून जुने लोक चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मुलं असतील, तर ते घालूच नका. त्याऐवजी खळ रोज ताजी करा किंवा फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस ठेवा. आंबट वास आला की फेकून द्या.

कागद कापणं

पतंगाचा कागद प्रकाश छान गाळतो, स्वस्त मिळतो आणि ताण धरतो. जिलेटिन पारदर्शक असल्यामुळे आतला बल्ब उघडा दिसतो, शिवाय त्याला खळ धरत नाही आणि वाऱ्यावर रात्रभर करकरतं. क्रेप ताणला जातो आणि मग सैल पडतो. घोटीव कागदातून उजेड येत नाही, तो फक्त नक्षीला. हातकागद सुंदर दिसतो, मात्र पातळ प्रतीचा घ्या. जाड घेतलात तर ५ वॉटही कमी पडेल.

चौकोनांना पांढरा, पिवळा किंवा फिकट केशरी, त्रिकोणांना गडद रंग ही जोडी सहसा फसत नाही. गर्द निळा आणि किरमिजी उजेड खातात, म्हणून ते लहान त्रिकोणांना ठीक. रंग पक्का आहे का, हे आधी ओल्या बोटाने पाहा. बोटाला लागला तर खळ अगदी कमी वापरा आणि तो पांढऱ्याच्या शेजारी येऊ देऊ नका.

ताव बहुधा ५० × ७५ सेंटिमीटरचा असतो, तरी मोजून घ्या. चौकोन २३ × २३ चे चार, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटर दुमड. एका तावात असे सहा बसतात, दोन चुकायला मोकळे. त्रिकोणांसाठी दुमडीसकट बाजू सुमारे २५ आणि उंची २२ धरा. तावावर २२ रुंदीच्या दोन पट्ट्या आखा आणि प्रत्येक पट्टीत चार त्रिकोण एक सुलट एक उलट असे मांडा. आठही एकाच तावात बसतात. सगळे सुलटच कापले तर दुसरा ताव लागतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा: वरून उष्णता जाते, खालून बल्ब बदलता येतो.

चिकटवणं

खळ काडीला लावा, कागदाला नाही. कागद ओला झाला की पसरतो, हाताला चिकटतो आणि काडीवर येईपर्यंत फाटतो.

आधी कडेचे चौकोन. समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन. एकाच बाजूचे सलग लावले तर सांगाडा तिकडे ओढला जातो. कागद काडीवर ठेवून मधून कडेकडे तळहाताने सारवत न्या. कोपऱ्यांना चिरा द्या आणि दुमड काडीभोवती आत वळवा. हा कागद ओला असतानाच शेवटचं एकदा कर्ण मोजा, कारण वाळल्यावर चौकोन जसा असेल तसाच राहील. तासभर वाळू द्या, सावलीत. उन्हात ठेवला तर एक बाजू आधी आकसते.

मग वरचे चार त्रिकोण, नंतर खालचे चार. त्रिकोणाची दुमड आत वळवता येत नाही, कारण काडीवर आधीच चौकोनाचा कागद आहे. ती काडीवरच चिकटवा आणि वाळल्यावर कडेशी छाटा. जोड कुरूप दिसेल. त्यावर दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची बेगडाची पट्टी येते, आणि तिच्यासाठी मात्र पांढरा गोंद. एकूण पावणेपाच ते पाच मीटर पट्टी लागते.

वाळल्यावर कागद ढोलकीच्या पुडीसारखा ताणलेला हवा. सैल राहिला असेल आणि रंग पक्का असेल, तर लांबून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. वाळताना तो आवळतो. फवारा जवळून मारला तर थेंबाचे डाग पडतात. सुरकुती कोपऱ्यात असेल तर ती फवाऱ्याने जात नाही, तिथे काडी खुणेवर बांधलेली नाही एवढंच समजायचं. फाटलं तर भोकापुरतं ठिगळ लावू नका, अख्खा त्रिकोण बदला. ठिगळ दिव्यापुढे गडद दिसतं.

झिरमिळ्या

एक ताव उभा धरून ७५ ची बाजू चार भागांत कापा: प्रत्येक तुकडा सुमारे १८.७ सेंटिमीटर रुंद, ५० लांब. खालच्या चौकोनाच्या एकेका बाजूला एक. कोपऱ्यांत सव्वा सेंटिमीटरची फट राहते आणि वारा तिथून निघून जातो. वरचे ५ सेंटिमीटर सोडून खाली एक-एक सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. चार थर एकत्र धरून कापले की वेळ वाचतो, पण कात्री बोथट असेल तर खालचे थर सरकतात. मधल्या चार टोकांना छोटे गोंडे लावले की जुन्या वळणाचा कंदील पुरा होतो. एवढंच पुरे, मणी, आरसे, घंटा लावल्या की वजन एका बाजूला जातं.

दिवा आणि टांगणं

पणती किंवा मेणबत्ती आत ठेवू नका, आणि जुना ४० वॉटचा तापणारा बल्बही नको. ३ ते ५ वॉटचा एलईडी, तोही वॉर्म व्हाइट (२७०० ते ३००० केल्व्हिन). पांढऱ्याशुभ्र उजेडात पिवळा कागद आजारी दिसतो. होल्डर वरच्या फुलीच्या मध्यावर बांधा. बल्ब कंदिलाच्या मध्यावर आला की कडेच्या चौकोनांपासून तो सुमारे १४ सेंटिमीटर दूर राहतो आणि चारी बाजूंना सारखा उजेड पडतो. वायरचा जोड कंदिलाच्या आत करू नका.

वजन वायरवर नको, दोऱ्यावर हवं. वरच्या चार कोपऱ्यांना ३५ सेंटिमीटरचे चार दोरे बांधून ते एका कडीत घ्या. चारही सारखे नसतील तर कंदील तिरका टांगतो. वायर होल्डरपर्यंत नेताना तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून वाहत होल्डरमध्ये न जाता झोळावरून खाली ठिबकतं. ऑक्टोबरात पाऊस कधीही येतो, आणि पतंगाचा कागद भिजला की संपलाच. गडगडाट ऐकू आला की कंदील आत घ्या. वाऱ्याने गरगर फिरून वायरला पीळ पडत असेल तर खालच्या काडीपासून गॅलरीच्या गजाला एक बारीक दोरा बांधून टाका.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवला की बल्ब आणि होल्डर काढा, काड्यांवर ओलं फडकं फिरवून कागद सोलून टाका. कागद तसाच ठेवला तर खळीच्या वासाने माळ्यावर झुरळं येतात. सांगाडा पूर्ण वाळवून जुन्या चादरीत गुंडाळून टांगून ठेवा, वर काही रचू नका. पुढच्या वर्षी गाठी एकदा ओढून पाहा, सैल असतील तेवढ्याच बदला, आणि थेट खळ करायला घ्या.